तातडीचं: बेलचे ५,००० डॉलर परत मिळतात का?

नमस्कार मंडळी,
नाव न लिहिता मेल टाकतोय, अ‍ॅडमिनना कल्पना दिली आहे. ऑफिसमधल्या माझ्या मित्राला काल, शुक्रवारी रात्री, घरच्या भांडणावरून अटक झाली. शेजाऱ्यांनी ९११ ला फोन केला. वहिनींच्या हाताला लागलंय. गुन्हा घरगुती मारहाणीचा, बेल (जामिनाची रक्कम) ५०,००० डॉलर. बेल बाँडवाला म्हणतो, १० टक्के भरा, तुम्ही सही करा, रात्रीपर्यंत बाहेर काढतो. त्याची आई पुण्याहून तासातासाला फोन करतेय. केस संपली की हे पैसे परत मिळतात ना?
— बे एरियातला (कॅलिफोर्निया) एक सभासद

---

परत मिळत नाहीत. हे आधी पक्कं समजून घ्या, मग सहीचं बघू.

आपल्याकडे जामीनदार उभा राहतो तो ऐपतीचा दाखला घेऊन, त्याला खिशातून काही द्यावं लागत नाही. आरोपी पळाला तरच पैसे जातात. इथला बाँडवाला हा धंदेवाईक जामीनदार. तो कोर्टाला ५०,००० ची हमी देतो आणि त्याची फी म्हणून तुमच्याकडून ५,००० घेतो. उद्या केस मागे घेतली तरी ती फी गेलीच. पूर्ण ५०,००० थेट भरले, तर केस संपल्यावर भरणाऱ्याला परत मिळतात. पण एवढी रोख कुणाकडे पडलेली असते?

आता सही. मी नऊ वर्षांपूर्वी एका रूममेटसाठी केली होती. बाँडवाल्याच्या टेबलावर पानांचा गठ्ठा, पिवळ्या खुणा लावलेल्या, 'इथे इनिशियल, इथे इनिशियल'. एक ओळही वाचली नाही. पोरगा घर बदलून गेला, कोर्टाची चिठ्ठी जुन्या पत्त्यावर गेली, तारीख चुकली. कोर्टाने बाँड जप्त केला आणि पत्र आलं ते मला: पूर्ण रकमेची जबाबदारी तुमची. कॅलिफोर्नियात अशा वेळी साधारण १८५ दिवसांची मुदत असते. तेवढ्यात तो स्वतः कोर्टात हजर झाला म्हणून मी वाचलो. पण ते तीन आठवडे मला झोप नव्हती. तेव्हा मित्र भला आहे म्हणून सही करू नका. तारखेला तुम्ही स्वतः त्याला गाडीत घालून नेणार असाल तरच करा.

दुसरा रस्ता थांबण्याचा आहे. अटकेनंतर ४८ तासांत जजपुढे उभं करावं लागतं, पण त्यात रविवार आणि सुटी धरत नाहीत, म्हणजे तुमचा सोमवार-मंगळवार उजाडेल. या गुन्ह्यात जातमुचलक्यावर, म्हणजे पैसे न भरता स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायचं तर उघड कोर्टात सुनावणी लागते. तिथे पब्लिक डिफेंडर (सरकारने दिलेला आरोपीचा वकील) ते मागू शकतो, बेल कमी करायलाही सांगू शकतो. २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हम्फ्री खटल्यात सांगितलंय, केवळ पैसे नाहीत म्हणून कुणाला आत ठेवता येत नाही. ऐपत बघावी लागते.

बाँडच घ्यायचा तर राज्याच्या विमा खात्याच्या साइटवर त्या माणसाचं लायसन्स तपासा. जेलमधले फोन रेकॉर्ड होतात, मराठीतलेसुद्धा. 'काय झालं' हे त्याला फोनवर विचारू नका. तो व्हिसावर असेल तर गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशन वकील गाठा. भारतीय वकिलातीला आपोआप कळवलं जात नाही, त्याने तशी मागणी करावी लागते.

आणि वहिनींचं काय? मेलमध्ये त्यांच्याबद्दल एकच वाक्य आहे. त्याच्या आईला सांगा, सुनेला फोन करून 'तक्रार मागे घे' म्हणू नका. ते चूक आहेच, शिवाय त्याच्यावर नवा गुन्हा ओढवू शकतो. वहिनींना 'मैत्री' संस्थेचा नंबर द्या, घरात मारहाण सोसणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांना ती मदत करते.
— सॅक्रामेंटोचे काका

---

काकांच्या मेलला एक पुरवणी. हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे, इतर राज्यांतल्या वाचकांनी जसंच्या तसं धरू नये. आमच्या इलिनॉयमध्ये १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख बेल बंदच आहे. इथे कुणी फोन करून 'तुमच्या मुलाच्या बेलसाठी पैसे पाठवा' म्हणालं तर तो फसवणारा. न्यू जर्सीतही २०१७ पासून रोख बेल जवळपास संपली. आईवडील भेटीला आले असतील तर त्यांना हे आजच सांगून ठेवा, असे फोन म्हाताऱ्या माणसांनाच येतात.
— शिकागोची ताई

---

काका, ताई, आभार. सही केली नाही. त्याच्या आईला समजावणं सगळ्यात जड गेलं. 'माझा मुलगा दोन रात्री जेलमध्ये कसा राहील' म्हणून त्या रडत होत्या. शेवटी तीन रात्री गेल्या. आज दुपारी जजने जातमुचलक्यावर सोडलं. वहिनींच्या जवळ जायचं नाही, फोन-मेसेज नाही, असा आदेश आहे. वहिनींना माझी बायको भेटून आली, नंबर दिला, बाकी त्यांनी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

तो सध्या आमच्या सोफ्यावर आहे. पुढची तारीख फ्रिजवर लावली आहे, त्या दिवशी मी रजा टाकली आहे. कुणाकडे महिना-दोन महिन्यांसाठी भाड्याची खोली असेल तर मला वेगळा मेल करा. त्याच्या घरापासून लांब हवी.