खानापूर ते कोल्हापूर, व्हीलचेअर आणि चार वर्षांचा मुलगा : कुठली बस धरू?

नमस्कार. सासूबाईंना दर महिन्याला कोल्हापूरला डॉक्टरांकडे न्यायचंय. धरलं तर दोन पावलं टाकतात, पायरी मात्र चढवत नाही. सोबत आम्ही दोघं आणि मुलगा. दरवेळी गाडी करणं परवडणारं नाही, आणि हरिप्रिया एक्सप्रेसची वेळ दवाखान्याशी जुळत नाही.

सासूबाईंचं म्हणणं, "आधार कार्ड आहे की! फुकटची बस सोडून पैसे कशाला घालायचे?" जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेत आम्हा दोघींना तिकीट लागत नाही, पण ते कर्नाटकाच्या हद्दीतच. म्हणून त्यांच्या हिशेबाने खानापूर-बेळगाव, बेळगाव-निपाणी, आणि निपाणीहून पुढे तिकीट काढायचं. पैसे वाचतात खरे, पण तीन बस म्हणजे तीनदा उचलून चढवणं, तीनदा उतरवणं. बेळगावहून थेट कोल्हापूरची धरली तर एक खेप वाचते. ह्यांची कंबर आधीच धरलेली.

मागच्या खेपेला कंडक्टर म्हणाले, खुर्ची टपावर टाका. ह्यांनी टाकली, कोल्हापुरात उतरवली तेव्हा एका बाजूचा पाय ठेवायचा पत्रा गायब. त्याआधी आम्ही सासूबाईंना दारातून आत घेत होतो, तेवढ्यात चिरंजीव रिकाम्या खुर्चीत बसून "रैट रैट" ओरडत होते. त्याला धरायला तिसरं माणूस आणायचं कुठून?

१ मार्च २०२० पासून बसची फिटनेस तपासणी करताना राखीव सीट, कुबड्या अडकवायची सोय, व्हीलचेअरची जागा हे सगळं बघायचं, असा केंद्राचा नियम आहे. आम्हाला अजून तशी बस भेटलेली नाही. कुणाला भेटली असेल तर कुठली, किती वाजताची, ते सांगा.

थेट कोल्हापूर बसच्या डिकीत घडीची खुर्ची मावते का? तिचं लगेज लावतात का? बेळगाव स्टँडवर चढवायला हमाल मदत करतात का, आणि काय देता? मुलाला गाडी लागते, निपाणीपर्यंत तरी उलटी होऊ नये म्हणून काय करता? कंडक्टर कन्नड असले तर "स्वल्प निल्लसरी" (जरा थांबवा) एवढं मला येतं, आणखी दोन वाक्यं शिकवलीत तर बरं होईल.

गुरुवारी पहाटे निघायचंय.