'जेलस' आणि 'एन्व्हिअस' मराठीत वेगळे कसे करायचे? (घाई आहे)

कोकमसार
मंडळी, उद्या सकाळपर्यंत उत्तर हवंय. एका इंग्रजी मालिकेचे सबटायटल्स करतेय. धाकटीच्या लग्नात थोरली बहीण हॉलबाहेर पायऱ्यांवर बसलीय, सँडल काढून. मैत्रीण येऊन म्हणते, 'यू आर जेलस.' थोरली म्हणते, 'जेलस इज व्हेन इट्स युअर्स. आय अ‍ॅम ओन्ली एन्व्हिअस.' म्हणजे जेलस व्हायला ती गोष्ट आधी आपली असावी लागते. माझी ती कधी नव्हतीच, मी नुसती एन्व्हिअस. पडद्यावर तीन सेकंद. ओळीला ४२ अक्षरं, दोनच ओळी.

मी लिहिलं : 'मत्सर आपल्या गोष्टीचा असतो. मला नुसता हेवा वाटतोय.' तपासणाऱ्या बाईंनी लाल करून परत पाठवलं : 'मत्सर नेहमी दुसऱ्याच्याच गोष्टीचा असतो. वाक्याला अर्थ नाही.' त्यांचं बरोबर आहे, हीच पंचाईत.

अजून एक जोशी
असूया आणि मत्सर. यात पंचाईत कसली? मराठी समृद्ध आहे, आपणच वापरत नाही.

खडूस
जोशीबुवा, कोणती कशाला ते सांगा की. आणि सँडल काढून पायऱ्यांवर बसलेली मुलगी 'मला असूया वाटते' म्हणणार? तिच्या हातात मग वीणाही द्या.

अजून एक जोशी
एन्व्ही म्हणजे असूया. जेलसी म्हणजे मत्सर. वीणेची गरज नाही.

पाटावरची
असूयेचा अर्थ तो नव्हे हो. अमरकोशात 'असूया तु दोषारोपो गुणेष्वपि' असं आहे. दुसऱ्याच्या गुणातसुद्धा दोष काढणं म्हणजे असूया. शेजारणीच्या पुरणपोळीला 'मऊ आहे, पण वेलदोडा जरा जास्त झालाय' म्हणते ना कुणी, ती असूया. म्हणून तर अत्रिऋषींच्या बायकोचं नाव अनसूया. गीतेच्या नवव्या अध्यायात अर्जुनाला गुह्य सांगायचं कारणही तो 'अनसूयु' आहे, दोष काढणारा नाही, असं दिलंय. तुमची थोरली बहीण दोष काढतच नाहीये. ती कबुली देतेय.

आणि मराठीत हा फरक शब्दात नाही, क्रियापदात आहे असं मला वाटतं. हेवा 'वाटतो'. मत्सर 'करतात'. हेवा आपल्याला येऊन चिकटतो, मत्सर आपण बसून करतो. म्हणून 'हेवा वाटावा असा संसार' म्हटलं की ते कौतुक, आणि 'मत्सर वाटावा असा संसार' कुणी म्हणालं तर मी आधी मुलाची दृष्ट काढीन.

कोकमसार
वा! हे लिहून ठेवते. पण ताई, माझी अडचण 'आपली असलेली गोष्ट जाईल' या भीतीची आहे. त्याला शब्द कोणता?

पाटावरची
सवतीमत्सर! आणखी कोणता?

खडूस
एकच पात्र, एकच लग्न, आणि तीन सेकंदात सवत आणायची. बढिया.

बर्डीवरचा
आमच्या नागपूरले कायबी भेद नाही. 'कायले जळून राह्यला बे?' झालं. बायको पाहून जळला, गाडी पाहून जळला, दोन्हीले एकच.

नगरचा
विषय निघालाय तर एक आठवण. आम्ही नगरचे, चर्चचं संडे स्कूल मराठीतलं. दहा आज्ञा पाठ होत्या. बायबलातल्या निर्गम पुस्तकात (२०:५) देव स्वतःबद्दल सांगतो ते आमच्या पवित्र शास्त्रात 'ईर्ष्यावान देव' असं आहे. इंग्रजीत तिथं 'जेलस गॉड'. मी नऊ वर्षांचा असेन. बाईंना विचारलं, देवाला कुणाचं काय कमी आहे म्हणून तो जळतो? बाई म्हणाल्या, बस खाली. पुढे इंग्रजी शाळेतून आलेल्या आतेभावाशी वाद झाला. तो म्हणे, जेलस म्हणजे वाईट, तुमचं पुस्तक चुकलंय.

तीस वर्षांनी कळलं की मूळ हिब्रू शब्दात ईर्ष्या आणि आवेश दोन्ही आहे. जे माझं आहे ते दुसऱ्याला देणार नाही, असा आवेश. कोकमसार, तुमच्या थोरल्या बहिणीची 'जेलस' नेमकी हीच आहे बघा. मग 'ईर्ष्या' का नको?

तालीम गल्ली
नगरकर, तुमच्या देवाला कोल्हापुरात आणा, तिथं त्याला कोण जळका म्हणणार नाही. आमच्यात ईर्ष्या म्हणजे जळणं नव्हंच. 'ईर्षेनं खेळला' म्हणजे जीव तोडून खेळला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला पेपरात काय छापून येतं? 'चुरशीनं, ईर्ष्येनं मतदान'. म्हणजे लोक एकमेकांवर जळत रांगेत उभे राहिले असा अर्थ होतो का? व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्यालापण उचलून आणला, असा होतो. आमचे वस्ताद पोराला म्हणायचे, 'ताकद हाय, डाव हाय, ईर्षा न्हाई तुझ्यात.' तो पोरगा पुढं तालीम सोडून गेला, पण ते जाऊ दे.

अजून एक जोशी
तो अपभ्रष्ट वापर आहे. ईर्ष्या म्हणजे परोत्कर्ष न साहणे. अमरकोशाच्या त्याच ओळीत 'अक्षान्तिरीर्ष्या' आहे, ताईंनी अर्धीच ओळ दिली. आणि 'ईर्षा' नव्हे, ईर्ष्या. य कुठं गेला?

तालीम गल्ली
य आखाड्यात पडला. मातीत हाय बघा.

पाटावरची
जोशी, अर्धीच दिली कारण चर्चा असूयेची होती. आणि अपभ्रष्ट कुणाला म्हणता? शुद्धच हवं तर मत्सरही सोडावा लागेल. ऋग्वेदात 'मत्सर' हे सोमरसाचं विशेषण आहे! मद् धातूपासून, मद आणणारा, उल्हास देणारा. तो षड्रिपूंत सहाव्या खुर्चीवर जाऊन बसला ते फार पुढे. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर म्हणताना शेवटचे दोघे एकाच घरातले आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

लंडनचा भाचा
थोडं इंग्रजीच्या बाजूनं. 'जेलस' आणि 'झेलस' हे भाऊ आहेत. मूळ ग्रीक 'झेलोस', म्हणजे उत्साह, आवेश. तो लॅटिन आणि फ्रेंचमधून येता येता एकाचे दोन झाले. म्हणजे कोल्हापूरची ईर्षा आणि नगरचा ईर्ष्यावान देव दोघे बरोबर. 'एन्व्ही' मात्र लॅटिन 'इनव्हिडिया'पासून, आणि त्यात 'बघणं' आहे. वाईट नजरेनं बघणं. आपली दृष्टच ती.

आणखी एक. इथं ऑफिसात कुणीही हा भेद पाळत नाही. मी सुट्टीला गोव्याला चाललो म्हटलं की सगळे 'सो जेलस!' म्हणतात. गोवा त्यांचं कधी होतं? पोर्तुगीज असते तर समजलं असतं. जेलस हा शब्द एन्व्हिअसच्या अर्थानं इंग्रजीत कित्येक शतकं चालतोय. दोघांच्यात भिंत घालणारे आहेत ते भाषेचे मास्तर आणि मानसशास्त्राची पुस्तकं : एन्व्हीत दोन माणसं (मी आणि ज्याच्याकडे ते आहे तो), जेलसीत तीन (मी, माझं माणूस आणि ते पळवेल असा तिसरा).

कोकमसार
पण माझ्या पात्रानं ती भिंत घातलीय ना! तिच्या वाक्याचा सगळा जीव त्या भिंतीत आहे.

खडूस
मग 'जेलस'च ठेवा. माझी भाची रोज तीन वेळा 'मी सो जेलस झाले' म्हणते. मराठी शब्द आहे तो आता. 'एन्व्ही' मात्र मराठी बोलण्यात मी आजवर एकदाही ऐकला नाही. तो आलाच नाही, कारण त्याच्या जागेवर 'हेवा' आधीच पाट मांडून बसलाय. 'जेलस' आला, कारण ती जागा रिकामी होती. 'जेलस नाही गं. हेवा वाटतोय.' संपलं.

अजून एक जोशी
म्हणजे रिकामी जागा दिसली की इंग्रजी कोंबायचं! उद्या 'हेवा'ही जाईल. हा अस्सल मराठी शब्द आहे, तो तरी राखा.

पाटावरची
अस्सल? वामन शिवराम आपट्यांचा १८९० चा संस्कृत कोश काढा आणि 'हेवाक' बघा. अर्थ : तीव्र इच्छा, ओढ. बिल्हण, कल्हण अशा उशिराच्या लेखकांतच सापडतो. आपटे म्हणतात, हा शब्द फारसी किंवा अरबीतून आला असं मानतात, आणि मराठी 'हेवा' ताडून पाहायला सांगतात.

खडूस
जोशीबुवा, पाणी आणू का?

अजून एक जोशी
'मानतात' म्हटलंय. सिद्ध झालेलं नाही.

पाटावरची
मान्य. पण गंमत बघा. झेलोस म्हणजे आवेश, मत्सर म्हणजे सोमाची धुंदी, हेवाक म्हणजे ओढ. तिन्ही भाषांत माणसाला आधी काहीतरी हवंसं वाटलं, आणि मग ते शेजाऱ्याकडे दिसलं.

बांदेकर
हेव्यावर चाललंच आहे तर 'हेवेदावे' घ्या. माझ्या आज्याचं म्हणणं, दावे म्हणजे गुरांचं दावं. एका खुंट्याला दोन बैल बांधले की दाव्यात दावं अडकतं आणि दोघे फुरफुरतात, ते हेवेदावे. आमच्या गोठ्यात मी स्वतः पाहिलंय.

लंडनचा भाचा
आजोबांना नमस्कार, पण दावा अरबी आहे. कोर्टातला दावा तोच. हक्क सांगणं, मग भांडण, मग वैर.

बांदेकर
बैलांना कोर्ट ठाऊक नव्हतं हो. असो. आमच्या बाजूला, गोव्याकडे, मत्सराला 'मोसोर' म्हणतात. तोंडातल्या तोंडात विरघळतो. मत्सर म्हणताना दात दिसतात, मोसोर म्हणताना ओठ पुढे येतात. हे कुठल्या कोशात नाही, आरशात आहे.

बर्डीवरचा
आन 'खार खाणे'? माझा बॉस माझ्यावर खार खाऊन आहे. खार झाडावरची काय?

तालीम गल्ली
खारट मधली असंल. जखमेवर मीठ.

लंडनचा भाचा
फारसी 'खार' म्हणजे काटा. मनात काटा ठेवणं.

बांदेकर
काटा खातात का कोण? मासा खाताना सोडून? मीठच ते.

नगरचा
इंग्रजीत 'ग्रज' असतो ना, तो मला 'अढी' वाटतो. मनात अढी धरली. आणि आंब्याचीही अढी. सुट्टीत आजोळी माळ्यावर गवतात आंबे घालायचे, वर आणखी गवत, वर पोतं. आजी दर दोन दिवसांनी हात घालून, न बघता, नुसतं चाचपून पिकलेला काढायची. मनातली अढीही तशीच, झाकून ठेवली की पिकते.

पाटावरची
सुरेख आहे, पण दोन अढ्या एकच असतील असं नाही हं. मनाची अढी म्हणजे आढेवेढे घेणारी, पीळ, आठी असणार. कपाळाला आठी पडते तीच.

नगरचा
ताई, माझ्या आजीचे आंबे तरी राहू द्या.

अजून एक जोशी
मूळ प्रश्न बाजूला पडला आहे. 'कोणाही जिवाचा न घडो मत्सर' हे तुकोबांचं वचन घ्या. तिथे मत्सर म्हणजे एन्व्ही की जेलसी?

खडूस
दोन्ही नाही. तिथं सरळ वाईट चिंतणं. म्हणजे तुमचंच 'जेलसी म्हणजे मत्सर' तुकोबांनी खोडलं.

अजून एक जोशी
तुकोबांनी तुमचं 'सो जेलस'ही लिहिलेलं नाही.

तालीम गल्ली
आमच्या इकडच्या एका टेम्पोच्या मागं लिहिलंय, 'जळू नको, बरोबरी कर'. जळणं म्हणजे हेवा आणि बरोबरी म्हणजे ईर्षा. सगळी चर्चा एका फळीवर बसली की.

अजून एक जोशी
ते हिंदीचं भाषांतर आहे.

तालीम गल्ली
टेम्पो मराठी हाय.

पाटावरची
आणि इंग्रजीतल्या 'स्पाइट'ला कुणी हात लावला नाही अजून. माझं नुकसान झालं तरी चालेल, पण तुझं व्हायलाच पाहिजे. शब्द सापडणार नाही, म्हण आहे : नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे. एका इंग्रजी शब्दाला आमच्या आज्यांनी एक अख्खं घर बसवलंय.

खडूस
ताईंना आज सवत सोडत नाही.

कोकमसार
मंडळी, रात्री एक वाजता पाठवून टाकलं. खडूस आणि पाटावरची यांचं अर्धं अर्धं घेतलं : 'जेलस? माझं होतं कुठे ते! नुसता हेवा वाटतोय.' थोरल्या बहिणीनं व्याख्या सांगायचं काम नाही, तिनं तेवढं म्हणून गप्प बसावं, असं वाटलं. ओळीत बसलं.

आत्ताच बाईंचं उत्तर आलं. अर्थ पटला म्हणतात. पण 'जेलस' हा इंग्रजी शब्द आहे, त्याऐवजी 'मत्सरी' घाला.

खडूस
'मत्सरी?' असं कोण विचारतं कुणाला? पायऱ्यांवर?

अजून एक जोशी
बाई योग्य सांगत आहेत.

पाटावरची
त्यापेक्षा 'जळतेस?' लिहा. मैत्रिणी तेच विचारतात. आणि उत्तर : 'जळायला माझं होतं कुठे!'

कोकमसार
अगं बाई. हे काल का नाही सांगितलंत?

पाटावरची
काल बैल बांधत होते ना सगळे.

बांदेकर
आज गोठ्यात जाऊन परत पाहिलं. दावंच ते.