वणव्याचा धूर उपग्रहचित्रांत कसा ओळखावा? मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. मी मुलुंडला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याशी राहतो. उन्हाळ्यात डोंगरउतारावरचे सुके गवत पेटल्यावर धूर कोणकोणत्या वस्त्यांवर पसरतो, हे उपग्रहचित्रांवरून शोधण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. इमारतीत दम्याचे रुग्ण असल्याने हा माझ्यासाठी केवळ अभ्यासाचा विषय नाही.

व्हिअर्स या उपग्रहावरील, आगीची उष्णता टिपणाऱ्या संवेदकाच्या ३७५ मीटरच्या चौकटींतील नोंदींत आगीची जागा बहुधा सापडते, अडचण आहे ती धुराची. सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहाच्या एरोसोल निर्देशांकातील (हवेतील सूक्ष्म कण दाखवणाऱ्या मापातील) एकेक चौकट सुमारे ५.५ × ३.५ किलोमीटरची असल्यामुळे लहान वणव्याचा धूर तीत विरून जातो, शिवाय जमिनीलगतचा धूर हा निर्देशांक नीट टिपत नाही आणि वाळवंटी धूळ मात्र त्यात धुरासारखीच उठून दिसते. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटरच्या चौकटींची चित्रे स्पष्ट असतात, पण ती काही दिवसांच्या अंतराने मिळतात.

इन्सॅट-३डीआर या भारतीय हवामान उपग्रहाच्या दर अर्ध्या तासाच्या चित्रांतून असा धूर शहराच्या नेहमीच्या धुरक्यापासून वेगळा काढण्याची पद्धत कोणी वापरली आहे का? दुपारी खारे वारे सुरू झाल्यावर धुराची दिशा पडताळण्यासाठी वाऱ्याच्या नोंदी चित्रांशी कशा जोडाव्यात, हेही कृपया सांगावे.