मदत हवी आहे: आठवी जागा कोणाला द्यावी?

मंडळी, बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गणेश मंडळासाठी 'इकेमेन गो' या फायटिंग गेम बनवायच्या इंजिनवर क्रॉसओव्हर (वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकत्र लढतात असा) फायटिंग गेम जुळवतोय. विकायचा नाही. पात्रांच्या जागा आठ, र्‍यू, टेरी बोगार्ड, सोनिक, पॅक-मॅन वगैरे सात ठरले. उरली जागा पैलवानाची. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात पैलवानच नाही, हे शोभेल का!

'स्ट्रीट फायटर'मधला पैलवान झांगिएफ लावून पाहिला. त्याच्या पाइलड्रायव्हरला (उचलून डोक्यावर आपटायच्या डावाला) दिशा पूर्ण गोल फिरवावी लागते, कीबोर्डवर पोरांची बोटं अडकतात. 'टेकन' गेममधला पैलवान किंग मला आवडतो, पण त्याच्या एकामागून एक लागणाऱ्या पकडी पाठ कोण करणार? जॉयस्टिकला वर्गणी पुरणार नाही. तलवारवाले आणि रक्तबंबाळ प्रकार बाद, समोर आजी-आजोबा असतात.

कमांड (डावासाठी दाबायची बटणं) सोपी, पण पकड खरी वाटेल असा कोण घेऊ? की झांगिएफचीच कमांड बदलू?