वॉशिंग्टनच्या आधीचे ‘प्रेसिडेंट’

ब-३०४: अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन नसून जॉन हॅन्सन नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ होते, असा फॉरवर्ड सकाळी ग्रुपवर फोटोसह आला आहे. नातीला तो शाळेच्या प्रकल्पात घ्यायचा आहे. क-१०२ मधील सरांनी कृपया खरेखोटे सांगावे.

क-१०२: ताई, तो फोटो तिला चिकटवू देऊ नका. मेरीलँडचे हॅन्सन १७८३ मध्ये वारले, तेव्हा कॅमेऱ्याचा शोधही लागलेला नव्हता. फोटोतील गृहस्थ लायबेरियाचे सिनेटर होते. ते एकोणिसाव्या शतकातले आणि नावापुरतेच सारखे. आपले हॅन्सन गोरे होते आणि स्वतः गुलाम बाळगून होते. मात्र ‘प्रेसिडेंट’ हे पद त्यांच्याकडे खरोखरच होते. सध्याची राज्यघटना १७८९ मध्ये अमलात येण्यापूर्वी तेरा राज्ये ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या करारनाम्याने बांधलेली होती, आणि त्याखाली वर्षाची पूर्ण मुदत मिळालेले हॅन्सन पहिले.

अ-५०१: म्हणजे आम्ही शाळेत चुकीचे शिकलो का?

क-१०२: नाही, घोळ शब्दाचा आहे. इंग्रजीत एकच शब्द असला तरी मराठीत आपण सभापती आणि राष्ट्राध्यक्ष वेगळे मानतो, आणि हॅन्सन व त्यांच्यानंतरची ही मंडळी काँग्रेसची, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेची, सभापती होती. त्यांना नकाराधिकार नव्हता, हाताखाली मंत्रिमंडळ नव्हते, आणि तीन वर्षांत एका वर्षाहून अधिक काळ त्या खुर्चीवर बसता येत नव्हते. खुद्द काँग्रेसलाही कर बसवता येत नसे; राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट पाहायची.

अ-५०१: मग त्यांची आठवण तरी कशासाठी ठेवायची?

क-१०२: माझ्या मते, नव्या देशाचे सरकार जेमतेम तग धरून होते त्या काळात त्यांनी ती खुर्ची सांभाळली, यासाठी. एलियास बूडिनो अध्यक्ष असताना, जून १७८३ मध्ये, थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियात सभागृहाला वेढा घातला आणि काँग्रेसला प्रिन्स्टनला हलावे लागले. त्याच वर्षी २३ डिसेंबरला अॅनापोलिस येथे वॉशिंग्टन सेनापतिपदाचा राजीनामा द्यायला आले, तेव्हा अध्यक्षस्थानी थॉमस मिफ्लिन होते, जे ब्रिटनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात वॉशिंग्टन यांच्या टीकाकारांत गणले जात. सदस्य डोक्यावर हॅट ठेवून बसून राहिले आणि विजयी सेनापतीने उभे राहून त्यांना वाकून अभिवादन केले. वाचताना त्याच्या हातातील कागद थरथरत होता. त्या दिवशी सभागृहात जेमतेम वीस सदस्य होते. ते युद्ध संपवणाऱ्या ब्रिटनबरोबरच्या तहाला मंजुरी देण्यासाठी नऊ राज्यांचे प्रतिनिधी हवे होते, आणि ऐन हिवाळ्यात ते जमेपर्यंत १४ जानेवारी १७८४ उजाडले. मला तर हा प्रसंग कोणत्याही लढाईहून मोठा वाटतो.

ब-३०४: या पदावरचे शेवटचे गृहस्थ कोण?

क-१०२: व्हर्जिनियाचे सायरस ग्रिफिन, १७८८ मध्ये. नवी घटना मंजूर झाल्यावर जुन्या काँग्रेसला गणसंख्याही मिळेनाशी झाली होती. पुढे ते न्यायाधीश झाले.

ब-३०४: मनापासून आभार. नात आता हॅन्सन यांच्या नावापुढे ‘काँग्रेसचे अध्यक्ष’ असे लिहील आणि फोटोच्या जागी अॅनापोलिसच्या सभागृहाचे चित्र काढील. सदस्यांच्या हॅट कशा होत्या, ते तिला विचारायचे आहे. संध्याकाळी पाठवू का?

क-१०२: सहानंतर अवश्य पाठवा.