मध्येच विद्यापीठ बदललंय? तुमचा अनुभव लिहा

माझी भाची नागपूर विद्यापीठातून बीएचं पहिलं वर्ष पास झालीय. ताईची बदली मुंबईला झाली, म्हणून एसवायला इथे प्रवेश घ्यायचाय. मानसशास्त्र ठेवायचंच आहे. मुंबई विद्यापीठाचं घराजवळचं कॉलेज की चर्चगेटचं एसएनडीटी, यावर घरात रोज खल चालू आहे. ताईला १८५७ सालच्या विद्यापीठाचा शिक्का हवाय, पोरीला एसएनडीटी आवडलंय. ज्यांनी असं मधूनच बदललं त्यांनी सविस्तर लिहा. चुकलं असेल तर तेही लिहा.

*

मी कोल्हापूरहून आले, तेव्हा माझ्यापुढेही हेच दोन पर्याय होते. दोन्हीकडे एकच प्रश्न घेऊन गेले: माझे पहिल्या वर्षाचे किती विषय धरणार? एका कॉलेजात खिडकीवरून उत्तर आलं, "आधी फी भरा, मग बघू." एसएनडीटीत विभागातल्या मॅडमनी माझा जुना सिलॅबस मागितला, त्यांचा शेजारी ठेवला आणि पेन्सिलने एकेका घटकावर टिक करत गेल्या. दोन पेपर जुळत नव्हते. ते जादा द्यावे लागतील, हे तिथल्या तिथे सांगितलं. तेवढ्यावर माझं ठरलं. डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटी, पुढे चर्चगेटपर्यंत पायी. जाऊन-येऊन साडेतीन तास जायचे, तरी पस्तावले नाही. कर्व्यांनी १९१६ साली काढलेलं विद्यापीठ, पण "फक्त मुलींचं" म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. वर्गात उभी राहून मी पहिल्यांदा बोलले ती तिथेच.

*

माझं वर्ष गेलं. पुण्याहून आलो, प्रोव्हिजनल प्रवेश मिळाला, वर्गात बसायला लागलो. जुन्या कॉलेजने मायग्रेशन सर्टिफिकेटचा (जुनं विद्यापीठ सोडल्याच्या दाखल्याचा) अर्ज पुढे पाठवलाच नव्हता. तो टेबलाखालच्या गठ्ठ्यात सापडला, तोवर नव्या विद्यापीठाकडून एलिजिबिलिटी, म्हणजे प्रवेशाची पात्रता, मंजूर करून घ्यायची मुदत संपली होती. परीक्षेला बसू दिलं नाही. परतताना वडील दादर स्टेशनवर एक शब्द न बोलता उभे होते, ते अजून डोळ्यांसमोर आहे. भाचीला सांगा, अर्जाच्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

*

आमचं इंजिनिअरिंगचं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला. एक कॉलेज मुंबई विद्यापीठाचं, दुसरं लोणेरेच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेलं. डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं गणित आम्ही केलेलंच नसतं आणि तिसऱ्या सेमिस्टरला एकदम लाप्लास समोर येतं. म्हणून सिनियर मुलांना गाठून एवढंच विचारलं, डिप्लोमावाल्यांसाठी गणिताचा वेगळा वर्ग कुठे घेतात? लोणेरेवाल्या कॉलेजात घेत होते. तिथे गेलो. गणितात केटी लागली नाही.

*

एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट्स (पास झालेल्या विषयांचे श्रेयांक) जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर, काढलाय ना? डिजिलॉकरमध्ये उघडून पहिल्या वर्षाची क्रेडिट्स चढलीत का बघा. माझी एका सेमिस्टरची नव्हतीच. ती जुन्या विद्यापीठानेच चढवायची असतात, नव्याकडे हेलपाटे घालून उपयोग नाही.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने जुना सिलॅबस कॉलेजच्या सहीशिक्क्यासह मागवलाय. सोमवारी दोन्हीकडे जाणार आहोत, ताईही येतेय.