मोठ्या भांड्याचा फूड प्रोसेसर: तुमच्या घरी काय जमलं, काय नाही?

मंडळी, आमचं घर सांगलीचं, नऊ माणसांचं. सकाळच्या पोळ्या चाळीसच्या आसपास, म्हणजे रोज सव्वा किलो पीठ. आजवर ते सासूबाईंनी मळलं. गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या अंगठ्याचे सांधे सुजतात, मूठ नीट वळत नाही, तरी पहाटे उठून परात पुढे ओढतात. मी आणि जाऊबाई दोघी साडेसातला घराबाहेर पडतो. यापुढे परात त्यांच्या हाती द्यायची नाही, हे आम्ही दोघींनी ठरवलं आहे.

घरात ७५० वॅटचा मिक्सर आहे. दुकानात मिक्सरलाच जोडायचं दोन लिटरच्या आसपासचं भांडं दाखवतात, आणि वेगळा, १००० वॅटचा, साडेतीन लिटर भांड्याचा प्रोसेसरही दाखवतात. वॅट सांगतात, लिटर सांगतात. एका वेळी किती पीठ नीट मळून निघतं, हे विचारलं की गाडी सोबत मिळणाऱ्या चकत्यांवर जाते. म्हणून हा धागा. जमेल तितकं आकड्यांसकट लिहा: घरात माणसं किती, एका घाण्याला पीठ किती, किती वर्षं चाललं, काय मोडलं. जे फसलं तेही लिहा, फक्त तिथे कंपनीचं नाव नको.

---

ठाण्याहून लिहितोय. आम्ही चौघं, साडेतीन लिटरचं भांडं, १००० वॅट, पाच वर्षं झाली. घरात कणीक मीच मळतो.

भांड्यावरचे लिटर हा काठोकाठ भरल्याचा हिशेब असतो. मधोमध जो पोकळ दांडा आहे, त्याच्या टोकाच्या वर पातळ पदार्थ गेला की दांड्यातून खाली उतरतो आणि ओट्यावर येतो. टोमॅटोचं सार करायला घेतलं तेव्हा हे कळलं. त्यामुळे पातळासाठी साडेतीन लिटरचं भांडं दीडेक लिटरचंच समजा. कणकेला वेगळा हिशेब, तिथे जागा नाही, मोटरची ताकद आड येते. मी ५०० ग्रॅम पीठ घेतो, फार तर ६००. एकदा ९०० घातलं, तर पातं अडकून मोटर घुमली आणि वास आला. पुन्हा तो प्रयोग केला नाही.

रीत अशी: पीठ, मीठ, चमचाभर तेल आधी कोरडंच दोन-तीनदा फिरवायचं. मग झाकणावरच्या नळीतून बारीक धारेनं पाणी. गोळा कडा सोडून एकसंध फिरायला लागला की लगेच बंद. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं. आणखी फिरवलं तर पीठ गरम होतं आणि पोळ्या चिवट होतात. मग परातीत काढून तेलाचा हात लावायचा, वीसेक मिनिटं झाकून ठेवायचं. शेवटचं तिंबणं हातानंच, ते यंत्र करत नाही. पण त्याला दोन मिनिटं लागतात, जोर लागत नाही.

तुमच्या सव्वा किलोचे दोन घाणे करा, ताई. मध्ये पाच मिनिटं मोटर निवू द्या.

---

मी नागपूरची. मुलं-सुना आल्या की घरात दहा-बारा माणसं, एरवी आम्ही दोघंच. त्या दहा दिवसांचा विचार करून मोठं भांडं घेतलं आणि उरलेले दिवस ते भांडं माझ्या कामाचं राहिलं नाही. एक कांदा, दोन मिरच्या टाकल्या की पातं वरून फिरतं आणि तुकडे कडेला चिकटून बसतात. मोठ्या भांड्याला कमीत कमी तीन-चार कांदे तरी लागतात, पीठ पाव किलोच्या खाली घेतलं तर नुसता चुरा फिरत राहतो. हे घेण्याआधी मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मात्र सांबारवडीच्या दिवशी मी त्याला मानते. आठ-दहा जुड्या सांबार (तुमच्याकडची कोथिंबीर) चिरायला पूर्वी दुपार जायची. धुऊन कापडावर पूर्ण कोरडा करायचा, एकेक मूठ घालायची आणि बटण दाबून लगेच सोडायचं, दाबून लगेच सोडायचं. ओला घातला तर लगदा होतो आणि वडीत पाणी सुटतं.

---

काकू, तुमच्या अडचणीवर एक उपाय आहे. आम्ही लंडनला राहतो, माझ्याकडे मॅजिमिक्सचा ५२०० एक्सएल आहे. त्यात एकात एक बसणारी तीन भांडी असतात: ३.६, २.६ आणि १.२ लिटरची. चटणीपुरतं काम असलं की सगळ्यात लहान भांडं आत ठेवते, मोठं धुवावंही लागत नाही. तुम्हाला मॅजिमिक्सच घ्यायला नको, महाग आहे. पण मोठं भांडं निवडताना आत लहान भांडं बसतं का, किंवा सोबत चटणीचं वेगळं भांडं आहे का, एवढं जरूर पाहा.

या यंत्राचं मूळ फ्रान्समध्ये, हॉटेलांच्या स्वयंपाकघरात. तिथलं मोठं रोबो-कूप लहान करून घरासाठी मॅजिमिक्स निघालं आणि १९७३ मध्ये त्याच धर्तीवर अमेरिकेत क्युझिनार्ट आलं. त्यांच्या डोळ्यासमोर ब्रेडचं पीठ, भाज्यांचे काप, चीजचा कीस होता. ओलं खोबरं-मिरचीची गुळगुळीत चटणी त्यात होत नाही, रवाळच राहते. वाटणाला मिक्सर लागतोच. मी दोन्ही ठेवते.

इकडची वीज भारतासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. आईकडे असाच एक पाठवला, तिथे फक्त प्लग बदलावा लागला.

---

न्यू जर्सीतून. अमेरिकेतून नेणाऱ्यांनी मात्र थांबा! इथली वीज १२० व्होल्टची. मी माझा १४ कपांचा (एक कप म्हणजे साधारण २४० मिली, म्हणजे सव्वातीन लिटर) बहिणीसाठी नेला. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर प्रोसेसरइतकाच जड निघाला, ओट्यावर दोन्ही मावेनात. तो प्रोसेसर अजून खोक्यात आहे.

इथे गणपतीला आमच्याकडे साठेक माणसं जेवतात, तेव्हा गाजर हलवा त्यातच. गाजरं नळीत उभी घातली तर आखूड कीस पडतो, आडवी घातली तर लांब. हलव्याला लांब हवा, दुधात शिजून त्याचा लगदा होत नाही. म्हणून नळी रुंद असलेलाच घ्या. अरुंद नळीत प्रत्येक गाजर, प्रत्येक बटाटा आधी चिरावा लागतो, मग यंत्र कशाला?

---

दाण्याचं कूट होतं का हो त्यात?

---

उत्तम होतं. मिक्सरमध्ये जरा जास्त फिरलं की तेल सुटून गोळा होतो, कारण त्याचा वेग फार. प्रोसेसरचं पातं सावकाश फिरतं, त्यामुळे कूट मोकळं आणि भरड राहतं. भाजलेले दाणे पूर्ण गार करून घाला. अर्धा किलो एका वेळी. खिचडीसाठी याहून चांगलं कूट मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

---

वेंगुर्ल्याहून. आमच्याकडे नारळाशिवाय दिवस जात नाही, म्हणून नारळाबद्दल सांगतो. खोबऱ्याचे तुकडे पात्यानं फिरवले की रव्यासारखे दाणे होतात. आमटीच्या, निवट्याच्या कालवणाच्या वाटणाला चालतात, मिक्सरला पुढचं काम सोपं होतं. पण मोदकाच्या सारणाला नाही. विळीवर खवलेला चव ओलसर आणि तलम असतो, गुळात पटकन मिळून येतो. दाणे गुळात वेगळे राहतात, चावताना जाणवतात. चतुर्थीच्या दिवशी आई विळीवरच बसते आणि आम्ही तिला अडवत नाही.

खमंग काकडीची काकडीही तशीच. चोचवूनच करायची. यंत्रातून काढली की पाण्यात पोहते.

---

कोल्हापुरात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, मिक्सर-प्रोसेसर रोज उघडतो. थोडं मोठं लिहितो.

पहिली गोष्ट, बंद पडला म्हणून जे आणतात त्यातल्या कितीतरींची मोटर ठणठणीत असते. तळाशी लाल बटण असतं. जास्त भार आला की ते बाहेर येतं आणि वीज तुटते. प्लग काढा, अर्धा तास निवू द्या, बटण आत दाबा. परत परत बाहेर येत असेल तर तुम्ही पीठ जास्त घालताय किंवा घट्ट मळताय.

दुसरी, झाकणाची खिट्टी. झाकण नीट बसल्याशिवाय यंत्र सुरू होऊ नये म्हणून प्लास्टिकचा एक छोटा दात असतो. धुताना झाकण आपटलं की तो दात तुटतो आणि आख्खं यंत्र मुकं होतं. काही जण तिथे काडी खोचून चालवतात. कृपा करून तसं करू नका, उघड्या भांड्यात पातं फिरतं आणि लहान मुलांचे हात तिथे पोचतात. नवं झाकण घ्या. आणि ते मिळतं का, हे यंत्र घेण्याआधी विचारा. तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात सेवा केंद्र आहे का, त्यांना फोन करून झाकण, भांडं, कपलर (मोटरचा जोर भांड्यातल्या पात्याला पोचवणारा जोड) आणि कणकेचं पातं वेगळं मिळतं का, एवढं विचारा. मोटर चालू असून झाकणाअभावी भंगारात गेलेली यंत्रं मी पाहिली आहेत आणि मला त्याचं वाईट वाटतं.

तिसरी, आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत कार्बन ब्रश असतात, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे. ते झिजतात. ठिणग्या दिसू लागल्या, वास आला की बदलून घ्या, काम स्वस्तात होतं. दुर्लक्ष केलं तर आतलं आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) जळतं आणि खर्च अंगावर येतो.

मोठे वॅट म्हणजे चांगली कणीक, असंही नाही. कणकेला वेग नको, जोर हवा. वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर किंवा पट्टा आत असतो, तो प्लास्टिकचा आणि लहान असेल तर १००० वॅट लिहूनही दमतो. दुकानात पीठ नेऊन अर्धा किलो मळून दाखवा म्हणा. आवाज एकसारखा राहिला तर घ्या. आवाज खोल जायला लागला तर नको. आणि घरच्या इन्व्हर्टरवर चालवू नका, सुरू होताना मोटर जास्त वीज ओढते.

---

दादा, जास्त भाराबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के. मी चिंचवडला डबे देते. सुरुवातीला घरगुती प्रोसेसरवरच सहा-सात घाणे एकामागून एक काढायचे. आठ महिन्यांत पातं बसतं तो दांडा झिजला. वॉरंटी कार्डावर व्यावसायिक वापराला वॉरंटी नाही असं बारीक अक्षरात होतं, ते मी वाचलं नव्हतं. आता कणकेचं वेगळं, पाच किलोंचं यंत्र आहे. ज्यांचे रोज चार घाण्यांच्या वर जातात त्यांनी घरगुती घेऊच नये, असं माझं मत झालंय.

---

पुरणाचं कुणी लिहिलं नाही अजून. मी नाशिकची, होळीला दोन किलो डाळीचं पुरण असतं. दोन वर्षं प्रोसेसरमध्ये केलं. कट पूर्ण निथळून, डाळ कोमट झाल्यावर, गूळ घालण्याआधी फिरवायची. गरम घातली तर वाफेनं झाकण फुगतं. पुरण मऊ होतं, हात दुखत नाहीत. पण पुरणयंत्रात जाळीतून जे उतरतं ते सगळं सारखं असतं. इथे एखादा अख्खा दाणा पात्याखाली लपून राहतो आणि नेमका तोच लाटताना पोळी फाडतो. म्हणून मधे थांबून कडा आणि तळ उलथन्यानं खरवडा, पुन्हा फिरवा, मगच गूळ.

हळदीचे डाग भांड्यावर पडले तर घासत बसू नका. धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवा, पिवळेपणा आपसूक उतरतो.

---

डोंबिवली. एकच सांगते, घेण्याआधी ओटा मोजा. आमच्या ओट्यावरच्या कपाटाखाली ४० सेंटीमीटर जागा, भांडं-झाकण-दट्ट्या लावून यंत्र ४३ चं. दर वेळी पुढे ओढायचं, मग मागे ढकलायचं. तीन महिन्यांनी ते माळ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. नंतर नणंदेला दिलं, तिच्या ओट्यावर ते कायम मांडलेलं आहे आणि ती रोज वापरते.

---

धागा काढणारी मीच पुन्हा. सगळ्यांचे मनापासून आभार. ओटा मोजला, पाण्याच्या फिल्टरशेजारी कायमची जागा केली. सेवा केंद्राला फोन केला, झाकण आणि पातं मिळतं म्हणाले. शनिवारी जाऊबाई पिठाचा डबा घेऊनच दुकानात गेल्या. पहिल्या यंत्राचा आवाज अर्ध्यात खोल गेला, ते दुकानातच सोडलं. दुसऱ्यानं अर्धा किलो सहज मळलं. साडेतीन लिटरचं आहे आणि सोबत चटणीचं लहान भांडंही आहे.

आज चौथा दिवस. सहाशे-सव्वासहाशे ग्रॅमचे दोन घाणे, मधली पाच मिनिटं धरून पंधरा मिनिटांत होतं. सासूबाई पहिल्या दिवशी लांब उभ्या राहून नुसतं पाहत होत्या. गोळा हातात घेऊन, बोटानं दाबून, घट्ट आहे म्हणाल्या. ६०० ग्रॅमला ३७० मिली पाणी घातलं होतं. काल ३९० केलं. आज सकाळी त्यांनी स्वतःच तेलाचा हात लावला, तिंबून गोळा झाकून ठेवला आणि म्हणाल्या, अजून थोडं सैल चालेल. उद्या ४०० करून पाहते.